फुलांचा पूल बघायला आईला घेऊन जायचंय, तिथली पद्धत कोणाला माहीत आहे का?

जास्वंद_त्रिमूर्तीनगर
नमस्कार मंडळी. माझा लहान भाऊ अमेरिकेत बॉस्टनजवळ राहतो, आई-बाबा आणि मी मेच्या मध्यात तिकडे जाणार आहोत, मी जूनमध्ये परत येईन पण ते दोघं सप्टेंबरअखेरपर्यंत राहणार आहेत. आईनं एका व्हिडिओत शेलबर्न फॉल्स गावातला नदीवरचा जुना पूल पाहिला, अख्ख्या पुलावर फुलंच फुलं, तेव्हापासून बाकी काही दाखवू नका पण तो पूल दाखवा एवढंच चालू आहे. तर एक विचारायचं होतं की जायचं कधी, म्हणजे फुलं नेमकी कोणत्या महिन्यात असतात.

दुसरं जरा अवघड आहे. आई रोज पहाटे साडेपाचला परडी घेऊन निघते, गल्लीत कंपाउंडच्या बाहेर आलेलं जास्वंद, चांदणी, कन्हेर देवासाठी तोडते, ३० वर्षं झाली, लोक उलट म्हणतात की न्या काकू न्या. तिचा हात फुलाकडे आपोआप जातो, तिला स्वतःला कळतही नाही. तिकडे चारचौघांत कोणी तिला काही बोललं तर तिच्या मनाला फार लागेल, म्हणून आधीच समजावून सांगायचंय. पण कसं सांगू?

बर्डीवाला
ताई इतकं टेन्शन काऊन घेता, हजारो फुलं असतील तिथं, देवासाठी एक घेतलं तर काय होते.

परदेशी_वऱ्हाडी
भाऊ तसं नाही चालत तिथं. मी ४ वर्षं त्या भागात होतो, ३ वेळा गेलोय. तो पूल १९०८ साली ट्रॉलीसाठी म्हणजे विजेवर चालणाऱ्या ट्रामसाठी बांधला, डियरफील्ड नदीवर, काँक्रीटच्या ५ कमानी, लांबी साधारण ४०० फूट, एका टोकाला शेलबर्न आणि दुसऱ्या टोकाला बकलंड. मग मोटारी आल्या, ट्रॉली कंपनी १९२७ ला बंद पडली आणि पुलावर नुसतं गवत माजलं. पाडायलाही परवडेना आणि त्याच्यातून पलीकडच्या गावाला पाण्याची पाइपलाइन जात होती त्यामुळे पाडताही येईना. तेव्हा अँटोइनेट बर्नहॅम म्हणून तिथल्या एक बाई म्हणाल्या की गवत उगवतंय तर फुलं पण उगवतील. गावातल्या महिला मंडळानं ते मनावर घेतलं, १९२९ मध्ये ८० गाड्या माती आणून टाकली आणि आज इतक्या वर्षांनीही तो पूल मुख्यतः देणग्या आणि गावातल्या लोकांच्या मेहनतीवर चालून राहिला. सकाळी गेलं तर गुडघ्याखाली पोतं टाकून सुकलेली फुलं खुडत बसलेल्या म्हाताऱ्या बाया दिसतात. आईंना एवढं सांगा, त्यांना बाकी काही सांगावं लागणार नाही.

बाकी नियम सोपे आहेत. तिकीट नाही, देणगीचा डबा आहे. पायवाट अरुंद आहे म्हणून फोटोसाठी सगळी फॅमिली आडवी उभी राहिली की मागे लाइन लागते, बाजूला होऊन लोकांना जाऊ द्यायचं. वाफ्यात पाय ठेवायचा नाही, फुलाच्या जवळ जायचं म्हणून पण नाही. कुत्रा नेता येत नाही, सिगारेट नाही, सायकल चालवत जायचं नाही. गप्पा हळू आवाजात, आपल्याला सवय नसते पण तिथं लोक खरंच शांतपणे बघत असतात. पूर्ण पुलाचा फोटो पाहिजे असेल तर शेजारीच १८९० चा लोखंडी पूल आहे, गाड्या तिथूनच जातात, त्याच्या फुटपाथवरून पाचही कमानी छान दिसतात.

शेवंती_काकू
बर्डीवाला भाऊ, तुम्ही मनापासून बोलले म्हणून मी पण मनापासून सांगते. मी दर वर्षी गच्चीवर शेवंती लावते. मोठं फूल पाहिजे असलं की बाजूच्या सगळ्या कळ्या एक एक करून खुडाव्या लागतात, झाडाचा सगळा जोर एकाच कळीत गेला पाहिजे, जून-जुलैत लावलेली कटिंग डिसेंबरात कुठं फुलते. मागे एका प्रदर्शनाच्या २ दिवस आधी घरी आलेल्या पाहुण्यांनी ते एकुलतं एक पिवळं फूल तोडून केसात माळलं आणि हसत मला दाखवायला आल्या. मी चहा ठेवायला आत गेले आणि ओट्यापाशी रडले. त्यांची चूक म्हणत नाही मी, त्यांना माहीतच नव्हतं. पण एक फूल म्हणजे काय ते तेव्हापासून मी कोणाला हलकं समजू देत नाही.

आता कधी जायचं ते. पूल १ एप्रिल ते ३० ऑक्टोबर उघडा असतो. तुम्ही मेच्या मध्यात पोचाल तेव्हा इथं नागपुरात आपण ४५ डिग्रीत कूलरमध्ये पाणी ओतत असतो आणि तिकडे वसंत नुकता बसलेला असतो, ट्यूलिप शेवटाला आलेले असतील. मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला गेलात तर विस्टेरिया मिळेल, जांभळे लांब घोस लटकतात, आपला बहावा पिवळा लटकतो तसे, शिवाय आयरिस आणि पिओनी. आई सप्टेंबरपर्यंत आहेत तर त्यांना भावासोबत सप्टेंबरात परत पाठवा, तेव्हा डेलिया भरात असतात, ताटाएवढे पण असतात. डेलिया आपल्याकडे थंडीतलं फूल आणि तिथं थंडी पडली की संपतं, हिवाच्या एका रात्रीत काळं पडतं, त्यामुळे फार उशीर करू नका. आणि एक नक्की बघा, मोठी झुडपं खांबांच्या वर असतात, कमानीच्या मधोमध माती कमी खोल असल्यामुळे तिथं लहान मुळांची झाडं. गच्चीवर कुंड्या ठेवणाऱ्या बाईला हे लगेच कळते.

देवाच्या फुलाचं म्हणाल तर त्या दिवशी सकाळी किराणा दुकानातून एक गुच्छ आणा, तिथं बहुतेक मोठ्या दुकानात मिळतात, आणि पूजा करूनच निघा. आईंचं मन निवांत राहील. भावाच्या बाल्कनीत झेंडूची कुंडी लावून द्या, पण बिया तिथंच घ्या, इथून पिशवीत बिया नेऊ नका, कागदपत्रं नसतील तर विमानतळावर काढून घेतात.

बर्डीवाला
काकू बरोबर आहे तुमचं. मला वाटलं आपल्याकडच्या सारखी म्युनिसिपालटीची बाग असेल, गावातल्या बाया स्वतः करतात हे माहीत नव्हतं. तसं म्युनिसिपालटीच्या बागेतलं पण नाही तोडलं पाहिजे म्हणा.

परदेशी_वऱ्हाडी
बॉस्टनहून रूट २ नं गाडीनं २ तासांच्या वर धरा. पार्किंग गावातच शोधावं लागते, शनिवार-रविवारी सकाळी लवकर जा. मध्ये पुलाचं दुरुस्तीचं मोठं काम काढलं होतं तर निघायच्या आधी पूल उघडा असल्याचं बघून घ्या. तुमच्या बाबांचे गुडघे दुखत असतील तरी जमेल, पूल सपाट आहे.

जास्वंद_त्रिमूर्तीनगर
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. काल रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. म्हाताऱ्या बाया खाली बसून वाफे साफ करतात हे ऐकून ती गप्प झाली, मग शेवंतीचं ऐकल्यावर म्हणाली की त्या काकूंना माझा नमस्कार सांग. आज पहाटे ती परडी घेऊन निघाली आणि कोपऱ्यावरच्या घराची बेल वाजवून विचारून आली की तुमचं जास्वंद घेऊ ना? त्या घरच्यांना पहाटे पावणेसहाला बेल वाजल्यावर वाटलं कोणाला बरं नाही की काय.

पुलाच्या डब्यात ती ११ डॉलर टाकणार आहे, आत्ताच पाकिटात वेगळे काढून ठेवायला लावले. तिचा एकच प्रश्न राहिलाय, तिथं येणाऱ्यांनी अभिप्राय लिहायची वही असते का आणि असली तर तिच्यात मराठीत लिहिलेलं चालेल का.

परदेशी_वऱ्हाडी
वही आहे. मी मराठीतच लिहिलं होतं, खाली नागपूर पण लिहिलं.