पोलीस डिटेक्टिव्हला 'गुप्तहेर' म्हणावं का?

पानगळ
आमच्या वाचनकट्ट्यावर या महिन्यात जॉर्ज सिमेनाँ या फ्रेंचमधून लिहिणाऱ्या लेखकाची 1955 सालची मेग्रे कादंबरी वाचली, इंग्रजीतून. मेग्रे म्हणजे त्याचा पॅरिसमधला पोलीस अधिकारी. पॅरिसच्या माँमार्त्र भागात बायकांचे एकामागून एक खून होतात आणि मेग्रे खुन्यासाठी सापळा रचतो, ती. सगळ्यांच्या प्रतिक्रिया एकत्र करून अंकासाठी लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'गुप्तहेर मेग्रे या वेळी थकलेला वाटतो.' एका बाईंनी 'गुप्तहेर' खोडून 'तपास अधिकारी' केलं. ज्याचा फोटो पॅरिसच्या पेपरात छापून येतो तो गुप्त कसला, असं त्यांचं म्हणणं. दुसरे एक सदस्य म्हणाले, 'तपास अधिकारी' वाचलं की समन्स आल्यासारखं वाटतं, कादंबरी वाचावीशी वाटत नाही. अंक छापायला जायचा आहे. काय ठेवू?

निवृत्त फौजदार
बाईंचं बरोबर आहे. खात्यात 'गुप्त' हा शब्द ज्या कामाला लागतो ते कामच निराळं. राज्य गुप्तवार्ता विभाग वेगळा आणि गुन्हे अन्वेषण विभाग, म्हणजे सीआयडी, वेगळा. पहिला माहिती काढतो, दुसरा गुन्ह्याचा तपास करतो. पोलीस ठाण्यात ज्याला सगळे 'डीबी' म्हणतात त्या डिटेक्शनवाल्यांचं कागदावरचं नाव 'गुन्हे प्रकटीकरण पथक'. आणि गुन्ह्याचे कागद ज्याच्याकडे, तो 'तपासी अंमलदार'. आयुष्यभर सही त्याच शब्दावर केली. गुप्त असतो तो बातमीदार. 'गुप्त बातमीदारामार्फत मिळालेल्या माहितीवरून' हे वाक्य पेपरात रोज वाचता ना, तो.

शुद्धलेखणी
'अंमलदार' कशासाठी? 'अन्वेषक' हा नेमका शब्द आहे आणि खात्याच्या नावातही 'अन्वेषण' आहेच. जिथे सोय आहे तिथेही आपण परका शब्द उचलतो याचं वाईट वाटतं. 'महापौर', 'दिनांक' हे सावरकरांचे शब्द रुळले, तसा हाही रुळेल. वापरायला तर लागा.

खानदेशी
मग फिर्याद, जबाब, मुद्देमाल, फौजदार या सगळ्यांना निरोप द्यावा लागेल. 'पंचनामा'चं काय करणार? त्यातला पंच आपला आणि नामा फारसी. पोलीस ठाण्याची मराठी अशीच घडली आहे, आणि ती मराठीच आहे. आमच्या गावात अजून साध्या वेशातला कुठलाही पोलीस म्हणजे 'सीआयडी'. 'त्याच्या मागे सीआयडी लागलेत' म्हणतात. अन्वेषक मागे लागलेत असं कोणी म्हणणार नाही.

मोल्सवर्थवेडी
'गुप्त' सोडा, 'हेर' बघा. हेर हा 'हेरणे'मधला. सावज हेरणे, जागा हेरणे, मुलीसाठी स्थळ हेरून ठेवणे. यात लपणं नाही, निरखून बघणं आहे. मेग्रे दुसरं काय करतो? ठशांवर आणि तर्काच्या साखळीवर त्याचा भर नसतोच. खून झालेल्या गल्लीतल्या कॅफेत जाऊन बसतो, माणसं बघतो, तिथली हवा अंगात मुरू देतो. त्याला नुसतं 'हेर' म्हटलं तर मला चालेल. गुप्ततेसाठी कौटिल्याचा 'गूढपुरुष' आहेच, तो खुशाल गुप्तवार्तावाल्यांना द्या.

खानदेशी
माझे आजोबा 'हेर'चा संबंध 'अहेरी'शी, म्हणजे शिकाऱ्याशी लावायचे.

मोल्सवर्थवेडी
ऐकायला छान आहे, पण गरज नाही. जुन्या हिंदी पद्यातही 'हेरना' म्हणजे शोधत्या नजरेनं बघणं. शिकार मागाहून चिकटवलेली वाटते.

निवृत्त फौजदार
नुसतं 'हेर' लिहिलंत तर लोकांना बहिर्जी नाईक आठवतील. तो मान त्यांचाच.

मॉन्ट्रियलकर
फ्रान्समधल्या फ्रेंचमध्ये हा घोळच नाही. 'देतेक्तीव' म्हटलं की खासगी डिटेक्टिव्ह. मेग्रेला तसं म्हणणं चूकच, तो पोलिसातला 'कोमिसेर'. प्रकाराचं नावही सरळ 'रोमाँ पोलिसिए', पोलिसी कादंबरी. आपल्याकडे गुप्तहेर चिकटला त्याला कारण आहे. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड वाचत वाढलेल्या पिढ्यांचा नायक पोलिसात नव्हताच. पोलिसातलाच माणूस नायक, तोही 1931 ते 1972 अशी 75 कादंबऱ्यांभर, त्यासाठी वेगळा शब्द घडवायची वेळ आपल्यावर आली नाही.
जाता जाता: 'कोमिसेर'चं 'आयुक्त' करू नका. मुंबईचा पोलीस आयुक्त स्वतः जिने चढून दारं ठोठावत फिरत नाही. इंग्रजी अनुवादकांनीही त्याला चीफ इन्स्पेक्टर केलं आहे.

शुद्धलेखणी
पण वाचकाला 'गुप्तहेर' कळतो म्हणून चुकीचा शब्द तसाच ठेवायचा, हे पटत नाही. शब्द ढिले झाले की विचारही ढिले होतात. उद्या संशयिताला आरोपी आणि आरोपीला गुन्हेगार म्हणाल. बातम्यांत ते झालंच आहे, आणि त्यात माणसांची नावं खराब होतात.

निवृत्त फौजदार
या मुद्द्यावर मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे.

पानगळ
त्यावरून आठवलं. याच लेखात एका सदस्याचं वाक्य आहे, 'मेग्रेची रात्रभर चालणारी उलटतपासणी हा कादंबरीचा कळस.' हे ठेवू ना?

निवृत्त फौजदार
नको. उलटतपासणी कोर्टात, समोरच्या पक्षाचा वकील घेतो. पोलीस करतात ती चौकशी. आमच्या कागदांत दोन तऱ्हा. एक 'कसून चौकशी केली असता' आणि दुसरी 'विश्वासात घेऊन विचारपूस केली असता'.

मोल्सवर्थवेडी
काका, ही दुसरी तर थेट मेग्रेची! ब्रासरी दोफीन या जवळच्या खानावळीतून बिअर आणि सँडविच मागवायची, पाइप पेटवायचा आणि समोरच्याला बोलू द्यायचं. 'विश्वासात घेऊन' याहून चांगला शब्द त्याच्या पद्धतीला मिळणार नाही.

खानदेशी
पेपरात वाचताना त्या 'विश्वासात घेऊन'चा अर्थ आम्ही वेगळाच लावतो.

निवृत्त फौजदार
लावता, ठाऊक आहे. तसं घडलेलं मी पाहिलं आहे आणि नुसतं शांत बसून माणूस बोलता झालेलाही पाहिला आहे. दोन्हीला कागदावर एकच वाक्य यायचं, हेच वाईट. आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्या कोर्टात पुरावा होत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 25 होतं, आता साक्ष अधिनियमाचं 23. 'कबुलीजबाब' नोंदवायचा तो न्यायदंडाधिकाऱ्यापुढे. म्हणजे मेग्रेला पहाटे जे मिळतं त्याला तो शब्दही लावू नका.

मॉन्ट्रियलकर
फ्रान्समध्ये पोलिसांच्या वर 'ज्यूज द'अँस्त्रुक्सियों' बसलेला असतो, स्वतः तपास चालवणारा न्यायाधीश. मेग्रेचं आणि कोमेलिओ नावाच्या अशा न्यायाधीशाचं त्यावरून कायम वाजतं. त्याला मराठीत काय म्हणाल?

शुद्धलेखणी
अन्वेषण-न्यायाधीश.

खानदेशी
तपासी न्यायाधीश.

पानगळ
कोमेलिओ आमच्या लेखात नाही. पहिल्या वाक्यात 'गुप्तहेर' काढून नुसतं 'मेग्रे' ठेवलं आहे. बाईंना ते चाललं, दुसऱ्या सदस्यांना नाही. मेग्रे कोण हे नव्या वाचकाला कसं कळणार, असं विचारतायत.