सही करण्याआधी (सोसायटी ग्रुप, कोथरूड)

बी-३०२: नमस्कार. आपली इमारत पाडून नवी बांधायच्या कालच्या सभेत आर्किटेक्टना सिमेंट-सळईचा कार्बन विचारला, तर त्यांनी सोलरची स्लाइड पुढे केली. सोलर राहायला आल्यावरचं झालं. बांधतानाच जो कार्बन हवेत जातो, एम्बॉडिड कार्बन म्हणतात तो, एकदा गेला की गेला. करारात हा मुद्दा घ्या, एवढीच विनंती.

ए-१०१: पार्किंगचं काय ठरलं? फ्लॅटमागे एक की दोन?

सी-२०४: ताई, आम्ही पावसाळाभर बादल्या लावतो. स्लॅबच्या सळया दिसतात. आता नवीन खुसपट नको.

बी-३०२: काका, तुमचं छत मी पाहिलंय. पाडू नका म्हणतच नाहीये, कसं बांधायचं ते बोलतेय. सिमेंटच्या भट्टीत चुनखडी भाजली की दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, इंधनाचा वेगळा. म्हणून क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघणारा तो भाजलेला माल, कमी असलेलं सिमेंट घ्यायचं. पीपीसी नावाच्या मिश्र सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाच्या वीज केंद्रातली राख, चालते.

सी-२०४: राख म्हणजे भेसळच की.

ए-४०३: भेसळ नाही काका, त्याला आयएस १४८९ हे भारतीय मानक आहे. ताकद हळू धरतं, एवढंच. ओपीसीला, म्हणजे साध्या सिमेंटला, किमान ७ दिवस पाणी मारतात, याला १०. साइटवर घाई असते म्हणून नको म्हणतात.

सी-३०१: १० दिवसांचा टँकर कुणाच्या खर्चाने? एप्रिलमध्ये प्यायला नसतं 😄

सेक्रेटरी: टँकरचं थकबाकीदारांनी बोलू नये.

सी-३०१: सर, चेक मार्चमध्येच दिलाय. वही बघा.

ए-१०१: पार्किंग???

सेक्रेटरी: असो. ताई, कायद्यात आहे का हे? नसेल तर बिल्डर कशाला ऐकेल?

बी-३०२: घरांच्या ऊर्जाबचतीची आपली २०१८ ची इको निवास संहिता भिंती-खिडक्यांतून येणारी उष्णता बघते. डेन्मार्कने २०२३ मध्ये १००० चौरस मीटरवरच्या नव्या इमारतींना बांधकाम आणि वापर मिळून चौरस मीटरमागे वर्षाला १२ किलो कार्बन डायऑक्साइडची मर्यादा घातली होती. इथे नियम येईपर्यंत आपली इमारत उभीसुद्धा राहील. करार मात्र आज आपल्या हातात आहे.

ए-४०३: टेंडरमध्येच सिमेंटचा प्रकार लिहा. आणि दुसरं तळघर काढलं तर रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत), राफ्ट (पायाचा स्लॅब) सगळंच हलकं होतं.

ए-१०१: म्हणजे दुसरी गाडी रस्त्यावर?

बी-३०२: हो दादा, ते तळघर दुसऱ्या गाड्यांसाठीच आहे. माझी दुसरी जागा मी सोडते, रविवारी लिहून देते.

सी-२०४: आत्ता पुन्हा तुकडा पडला. नातीच्या पलंगाजवळ.

बी-३०२: आलेच, काका.