'वेल्थ क्रिएशन'ची दोन दिवसांची शिबिरं: पैसे भरून जावं का?

घंटाळीकर

आमच्याकडे सध्या याच विषयावरून धुसफूस चालू आहे, म्हणून धागा काढतेय. ह्यांनी मध्यंतरी ठाण्यातच एक फुकटचं संध्याकाळचं सत्र केलं, 'पगारातून संपत्तीकडे' छापाचं. पुढची पायरी म्हणजे वाशीच्या एका हॉटेलात शनिवार-रविवार शिबिर. फी २४,९९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेएकोणतीस हजार. लगेच भरले तर जोडीदाराला प्रवेश मोफत, म्हणजे मलाही ओढणार.

माझं मत सरळ आहे, जाऊ नये. ज्याला बाजारातून एवढा पैसा मिळतो तो सुट्टीच्या दिवशी आपल्याला शिकवत कशाला बसेल? ह्यांचं म्हणणं, पोराच्या क्लासची फी बिनबोभाट भरतेस, मग आपल्या शिक्षणाच्या वेळीच हात आखडता का? याचं चोख उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

ज्यांनी अशी शिबिरं केली आहेत किंवा जवळून बघितली आहेत त्यांनी लिहा. 'ज्याचं त्याचं नशीब' वगैरे प्रतिसाद नकोत.

पाचपाखाडी

ताई, माझं मत तुमच्या विरुद्ध. जाऊ द्या त्यांना.

आमच्या घरात गुंतवणूक म्हणजे एफडी, मनीबॅक पॉलिसी आणि दसऱ्याला सोनं. मी केलेल्या अशाच शिबिरात पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्याच पॉलिसीचे हप्ते आणि मिळणारे पैसे तारखेनिशी एक्सेलमध्ये मांडायला लावले. परतावा निघाला पाच टक्क्यांच्या आसपास. एजंटकाकांनी इतकी वर्षं घरी येऊन चहा घेतला, हा आकडा कधी सांगितला नाही. बँक बुडाली तर ठेवीवरचा विमा ५ लाखांपर्यंतच, आणि २०२० च्या आधी तर तो फक्त १ लाख होता, हेही तिथेच कळलं.

हे सगळं नेटवर फुकट आहे, मान्य. पण फुकटचं मी वाचलं नव्हतं, आणि वाचलं असतं तरी काही केलं नसतं. पैसे भरले म्हणून फोन बाजूला ठेवून बसलो आणि नंतरच्या आठवड्यात टर्म प्लॅन (निव्वळ आयुर्विमा), एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेला हप्ता) दोन्ही मार्गी लावले. माझी फी वसूल.

कन्सोलवाला

मी साऊंडचं काम करतो. लग्नं, वाद्यवृंद, नाटकाचे दौरे, आणि हल्ली ही शिबिरं. पेमेंट वेळेवर देतात, त्यामुळे माझी वैयक्तिक तक्रार काही नाही. कन्सोलमागून जे दिसतं ते सांगतो.

आदल्या रात्री क्यू-शीट येते, नाटकाची येते तशीच. कुठे ट्रॅक उचलायचा, कुठे दिवे मंद करायचे, सगळं मिनिटावार. दुपारी जेवण अंगावर येतं म्हणून एसी एकदम खाली आणि सगळ्यांना उभं करून नाचवायचं. मग डोळे मिटून आईवडिलांचा प्रसंग. 'वडिलांचे हात आठवा, त्यांनी तुमच्यासाठी काय काय सोसलं ते आठवा.' इथे पियानोचा ट्रॅक, अगदी हळू चढवत न्यायचा. एकदा मी तो जरा जास्त चढवला, तर आयोजकांचा माणूस धावत आला. म्हणाला, एवढा नको, शेजारच्याचा हुंदका ऐकू आला पाहिजे.

डोळे उघडले की पडद्यावर पुढच्या कोर्सची किंमत. तीन लाख, त्यावर काट. दोन लाख, त्यावर काट. मग शेवटचा आकडा आणि 'फक्त पहिल्या ३० जणांना'. त्याच क्षणी मागची दारं उघडतात, टेबलं मांडलेली, टॅब घेऊन पोरंपोरी उभी. सगळ्यात आधी उठून पळणारे जे चार-पाच जण असतात ना, त्यांतले काही मी सकाळी आयोजकांच्या टेबलावर चहा पिताना पाहिलेले असतात.

ताई, साडेएकोणतीस हजार ही फी नाही. ते आत येण्याचं तिकीट आहे.

पाचपाखाडी

कन्सोलवाले, कीर्तनातही टाळ कुठे चढवायचे ते ठरलेलं असतं, म्हणून बुवा लबाड ठरत नाही. माझ्या शिबिरातही शेवटी पुढचा कोर्स विकायला काढला होता. मी घेतला नाही, घरी आलो. ज्याला तिथे नाही म्हणता येत नाही त्याने बाजारातही पाऊल टाकू नये.

कोपरखैरणे_लोकल

तुम्ही एसआयपी आणि टर्म प्लॅन करून बाहेर पडलात, उत्तम. पण बहुतेक ठिकाणी खरा माल ऑप्शन्सचा (शेअरच्या पुढच्या भावावरचे मुदतीचे सौदे) असतो, कारण एसआयपी शिकवायला दोन दिवस लागत नाहीत. दोन तास पुरतात.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात. सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख, सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. खर्च वजा जाता १ लाखाहून जास्त नफा राहिला तो जेमतेम एका टक्क्याला. आणि सलग दोन वर्षं तोटा झालेल्यांतले तीन चतुर्थांशाहून जास्त लोक तरीही खेळत राहिले. हा तक्ता मंचावर दाखवणारा वक्ता मला अजून भेटलेला नाही. दाखवलाच तर 'तुम्ही त्या सात टक्क्यांत आहात' म्हणायला दाखवतात.

एसआयपीवाली शिबिरंही फार सोवळी नाहीत. महिना १०,००० गुंतवा, वर्षाला १२ टक्के धरा, २० वर्षांत एक कोटी, ही स्लाइड ठरलेली. गणित बरोबर आहे. फक्त महागाई ६ टक्के धरली तर त्या कोटीची किंमत आजच्या हिशेबाने ३१ लाख होते, ही पुढची स्लाइड काढून टाकलेली असते. शिवाय १२ टक्के दर वर्षी इमानदारीत येत नाहीत. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या वर होता, त्याच वर्षी ऑक्टोबरात ८,००० च्या घरात आला. तेव्हा हप्ता चालू ठेवण्याची छाती हॉलमध्ये टाळ्या वाजवून येत नाही.

खारघरचा_वितरक

मी म्युच्युअल फंड वितरक आहे, आधीच सांगतो, म्हणजे नंतर कुणी 'पकडलं' म्हणायला नको. सगळ्यांना एकाच काठीने हाणू नका. आम्ही फंड कंपनीबरोबर जे मेळावे घेतो त्यांना फी नसते. एकूण मालमत्तेच्या ०.०२ टक्के रक्कम गुंतवणूकदार शिक्षणासाठी बाजूला ठेवायची असा सेबीचा नियम आहे, मेळाव्यांचा खर्च त्यातून निघतो. कांदाभजी, चहा, तासाभराचं भाषण, प्रश्नोत्तरं. पियानो नाही. निवृत्त मंडळी येतात, नॉमिनी लावायचं राहिलेलं असतं ते लावून जातात. हे कमी आहे का?

कोपरखैरणे_लोकल

कमी नाही, पण भजी फुकट नसतात साहेब. तुमच्याकडून घेतला तर रेग्युलर प्लॅन, कमिशन दरवर्षी त्यातूनच. मध्यस्थाशिवाय थेट फंड कंपनीकडून घ्यायचे डायरेक्ट प्लॅन २०१३ पासून आहेत. फरक एक टक्क्याचा धरला तर वरच्या एक कोटीचे साधारण ८७ लाख होतात.

खारघरचा_वितरक

आणि मार्च २०२० मध्ये कोविडने बाजार कोसळला तेव्हा डायरेक्टवाले किती जण घाबरून विकून मोकळे झाले? माझा फोन त्या महिन्यात खाली ठेवायला मिळत नव्हता. विकू नका, एवढंच सांगत होतो. त्या एका टक्क्यात तेही येतं.

उलवे_नोड

शेअरचं शेअरवाले बघतील. आमच्याकडे जमिनीची शिबिरं आहेत, त्यावर कुणी बोलत नाही. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला साडेबारा टक्क्यांचा भूखंड विकून किंवा मोबदल्याचे पैसे हातात आलेलं घर दिसलं की फोन सुरू. विमानतळ झाला, 'तिसरी मुंबई' येतेय, कर्जत-पेणला प्लॉट घ्या. एसी बस, साइटवर जेवण, माणसाला फेटा बांधतात. माझ्या चुलत्याला असाच फेटा बांधून नेला. गेटवर कमान झकास, आत रस्त्याच्या जागी चुन्याच्या रेघा. त्याने सातबारा मागितला तर ब्रोशर दिलं. चुलता आगरी माणूस, जन्म जमिनीत गेलेला, फेटा तिथेच काढून ठेवला आणि बसमध्ये जाऊन बसला. नोकरदार मंडळी मात्र टोकन देत होती.

५०० चौरस मीटरच्या वरचा प्लॉटिंगचा प्रकल्प असेल तर महारेराचा (राज्याच्या बांधकाम प्रकल्प नियामकाचा) नंबर लागतो. तो आणि जमीन बिनशेती (एनए) असल्याचा कागद बघितल्याशिवाय खिशात हात घालू नका. बाकी ती दागिन्यांची टोरेस कंपनी विसरलात का? सानपाड्याला शाखा होती, दर आठवड्याला परतावा, लकी ड्रॉत गाड्या. जानेवारी २०२५ मध्ये शटर खाली.

पाचपाखाडी

टोरेसला यात ओढू नका. ती ठेवी गोळा करणारी फसवणूक होती, शिकवणी नव्हे. एक चोर निघाला म्हणून सगळ्या क्लासना टाळं लावणार का?

कन्सोलवाला

हॉल दोन्हीकडे सारखाच सजवतात, एवढंच सांगतो.

घंटाळीकर

सगळ्यांचे आभार. नवी माहिती: ह्यांनी २,००० रुपये भरून जागा अडवून ठेवली आहे, ते परत मिळत नाहीत म्हणे. उरलेल्या रकमेसाठी 'नो कॉस्ट ईएमआय', हॉटेलातच टॅबवर करून देतात. नंतर नको वाटलं तर रद्द करता येतं, असं फोनवरची मुलगी म्हणाली.

कोपरखैरणे_लोकल

ताई, इथे नीट बघा. तो ईएमआय म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या नावावरचं कर्ज. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्जाला किमान एक दिवसाची कूलिंग-ऑफ मुदत असते, तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. पण मुद्दल आयोजकांच्या खात्यात गेलेलं असतं. त्यांनी ते परत केलं नाही तर तुम्ही ते खिशातून भरणार, किंवा हप्ते चालू ठेवून भांडत बसणार. हप्ता थांबवला की सिबिल (कर्जफेडीची पत) बिघडणार ते तुमचंच.

तक्रारीचं म्हणाल तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर नोंदणीकृत मध्यस्थाविरुद्ध किंवा सूचिबद्ध कंपनीविरुद्ध तक्रार करता येते. 'आम्ही फक्त शिकवतो' म्हणणारा त्यात बसत नाही. मग उरतो ग्राहक आयोग आणि १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. २,००० सोडून द्या.

पाचपाखाडी

ईएमआय करू नये, इथे मी यांच्याशी सहमत. उधारीवर संपत्ती निर्माण शिकायला जाणं हा विनोद आहे. पण रोख भरायची ऐपत असेल तर अजूनही म्हणतो, जाऊ द्या. न जाता ते वर्षभर 'तू अडवलंस' म्हणत राहतील, त्याची किंमत कोण मोजणार?

खारघरचा_वितरक

जायचंच असेल तर आधी एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची गुंतवणूकदार परीक्षा द्यायला सांगा. सेबीची आहे, फुकट आहे, अभ्यासाचं साहित्यही फुकट. ती देऊन गेलेला माणूस हॉलमध्ये वेगळे प्रश्न विचारतो.

घंटाळीकर

परीक्षेची लिंक ह्यांना पाठवली. उत्तर आलं, 'बघतो'. दरम्यान वक्त्याकडे सेबीची नोंदणी आहे का हे मी फोनवर विचारलं, तर एक नंबर दिला आहे. एआरएनने सुरू होतो. चालेल ना?

खारघरचा_वितरक

नाही ताई. एआरएन माझ्याकडेही आहे, तो फंड वितरकाचा नंबर. सल्लागाराचा आयएनएने सुरू होतो, रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएचने. सेबीच्या साइटवर नाव टाकून बघा, आणि नाव तिथे आहे ते वक्त्याचंच आहे ना, तेही बघा.