आयोग नेमून काय होतं?

वर एकांनी लिहिलंय की "न्यायालयीन चौकशी झाली की सत्य बाहेर येतंच, मग ओरडा कशाला?" सत्य बाहेर येतं हो, पण पुढे काय?

घाटकोपरची रमाबाई आंबेडकर नगर वस्ती घ्या. ११ जुलै १९९७. पहाटे बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला, लोक हायवेवर उतरले, आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा माणसं गेली. पोलिसांचं म्हणणं काय, तर जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. या गोळीबाराच्या चौकशीसाठी नेमलेल्या गुंडेवार आयोगाने ही टँकरची गोष्ट मान्य केली नाही. गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि आदेश देणाऱ्या फौजदारावर ठपका ठेवला. म्हणजे सत्य बाहेर आलंच की!

गोळीबारानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी आपल्या घरात गळफास घेतला. डोक्याला निळी पट्टी बांधून. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गाणाऱ्या माणसाने शेवटच्या क्षणी तो रंग निवडला, यावर मी अजून अडखळतो.

त्या फौजदाराला जन्मठेप झाली ती २००९ मध्ये, बारा वर्षांनी. त्यानंतर उच्च न्यायालयातून जामीनही मिळाला. शिवाय सगळं एका फौजदारापाशीच थांबलं. त्याच्या वरच्यांचं काय? आयोगाचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो, आणि सरकारी नोकरावर खटला भरायला बऱ्याचदा सरकारचीच परवानगी लागते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय!