खोकल्याला सिरप कशाला?

घाटमाथा:
हवा बदलली की घरोघर खोकला, आणि जो तो आधी औषधाच्या दुकानात. साध्या सर्दी-खोकल्याला सिरप लागतच नाही असं माझं ठाम मत आहे. कोरडी ढास असेल तर सितोपलादी चूर्ण तुपात कालवून, कफ असेल तर मधातून. अडुळशाच्या पानांचा रस, रात्री सुंठ-हळदीचं दूध. दही, केळं, तळलेलं बंद. जेवायला मऊ भात आणि मुगाचं कढण. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात सिरपने लहान मुलं दगावली, तरी आपण शिकत नाही.

निवडुंग:
त्या सिरपात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. हा औषध बनवणाऱ्याचा गुन्हा झाला. सुट्या हळदीतही लेड क्रोमेट या शिशाच्या पिवळ्या रंगाची भेसळ सापडते, म्हणून हळद सोडणार का? दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची सिरपं देऊ नका असं केंद्राने तेव्हाच बजावलं, ते योग्यच. पण तुमच्या यादीत वयाचा उल्लेखच नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवला तर बोट्युलिझम ही जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.

घाटमाथा:
मी मोठ्यांबद्दल बोलतोय. आणि सिरपातलं कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन आलं कुठून? अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून. मग पान गावठी आणि बाटली तेवढी शास्त्रीय?

निवडुंग:
बाटलीवर मिलिग्रॅम लिहिलेले असतात. तुमच्या कुंडीतल्या पानात किती, कोण सांगणार? गरोदर बायकांना अडुळसा नको, हे तरी लिहा.

मनीमाऊ:
केळ्यावरून आमच्या घरी रोज महाभारत 😄 सासूबाई म्हणतात कफ होतो, मुलगा म्हणतो पुरावा दाखव.

खलबत्ता:
मी वैद्य आहे, पण दोघांशीही भांडणार. चरकाने कासाचे, म्हणजे खोकल्याचे, पाच प्रकार सांगितलेत: वातज, पित्तज, कफज, क्षतज, क्षयज. सगळ्यांना एकच काढा पाजणं हा आयुर्वेद नव्हे. (उकळत्या काढ्यात मध घालणं तर नाहीच नाही. ग्रंथात उष्ण मध वर्ज्य आहे.)
माझ्याकडे नेहमी दिसणारा प्रकार सांगतो. बीपीला रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असतं, त्या गोळीनेच कोरडा खोकला लागतो. माणूस दिवसभर ज्येष्ठमध चघळतो. ज्येष्ठमध जास्त झालं तर बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं. म्हणजे खोकला तसाच आणि वर नवं दुखणं. आणि दोन आठवडे खोकला टिकला तर आधी थुंकी तपासा. क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

घाटमाथा:
माझं म्हणणं पहिल्या चार-पाच दिवसांपुरतं आहे हो. पहिल्या ठसक्यालाच बाटली उघडतात, त्यावर बोला ना कुणीतरी.

निवडुंग:
त्यावर वाद नाहीच. साधा विषाणूचा खोकला बाटलीविना बरा होतो, आणि काढ्याविनाही. श्रेय मात्र तुम्ही काढ्याला देता.

घाटमाथा:
रात्रीची झोप लागते त्याचं श्रेय देतो. मधाने मुलांची रात्रीची ढास कमी होते हे डॉक्टरही मानतात.

मनीमाऊ:
खलबत्ता, बाबांना टेल्मिसार्टन आहे, तेही त्यातलंच का?

खलबत्ता:
नाही, तो गट वेगळा, त्यात हा त्रास क्वचितच होतो. गोळी मनाने थांबवू नका. खोकला नेमका केव्हा वाढतो, जेवून आडवं झाल्यावर की पहाटे, ते बघून डॉक्टरांना सांगा.