वय ३६, बँकेतली नोकरी आणि एलएल.बी.चा किडा

वसुलीवाली:
नमस्कार. बी.कॉम. होऊन पंधरा वर्षं झाली. त्यातली अकरा एका बँकेच्या कर्जवसुली विभागात गेली. चेक परत आला की कलम १३८च्या नोटिशीचा कच्चा मसुदा मीच करते, पॅनेलवरचे वकीलसाहेब दोन शब्द बदलून सही ठोकतात. चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस, तरी पैसे नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात तक्रार. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. कोर्टात मात्र मागच्या बाकावर, फाइल मांडीवर.

गेल्या महिन्यात साहेबांना नोटीस पोचल्याची तारीख सापडेना. मी मागून कुजबुजले, त्यांनी तेच मोठ्यानं सांगितलं, न्यायाधीशांनी मान डोलावली. तेव्हापासून डोक्यात एकच, हे मी का बोलू नये?

तीन वर्षांचं एलएल.बी. करावं म्हणते. मुलगी सातवीत आहे. नवरा म्हणतो, "कर, पण नोकरी सोडू नकोस." म्हणून नोकरी ठेवून पदवी घ्यायची आणि मग हळूहळू वकिली सुरू करायची, असा हिशेब मांडलाय. कोणी असं केलंय का? खरं काय ते सांगा, धीर द्यायला घरचे आहेत.

तारीखपेतारीख:
ताई, हिशेब चुकलाय, आणि चूक पदवीनंतरच्या भागात आहे. बार कौन्सिलचा नियम ४९ वाचा. पूर्णवेळ पगारी नोकरी असताना वकिली करता येत नाही. 'हळूहळू सुरू करीन' अशी वाटच नाही. ज्या दिवशी कोट चढवाल त्या दिवशी पगार बंद. तेव्हा कॉलेजची तीन वर्षं मोजत बसू नका, त्यानंतरची तीन-चार मोजा.

मी एकतिसाव्या वर्षी वकिलीची सनद घेतली, त्याआधी गोदामात हिशेबनीस होतो. पहिले आठ महिने माझं कोर्टातलं एकच वाक्य होतं, "साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, पुढची तारीख मिळावी." पहिली उलटतपासणी दीड वर्षानं मिळाली. साक्षीदाराला एकच प्रश्न तीनदा विचारला. तिसऱ्यांदा तो बिचारा म्हणाला, "वकीलसाहेब, हे सांगितलं की मघाशी." पैसे म्हणाल तर सिनिअर देतील तेव्हा आणि देतील तेवढे. घर बायकोच्या पगारावर चाललं.

एक गोष्ट तुमच्या बाजूनं आहे. चेकच्या केसेसचा ढीग सगळीकडे आहे, आणि तुमचा हात त्यात बसलेला आहे. माझा कशातच नव्हता. पण आपलीच बँक पॅनेलवर घेईल असं धरून चालू नका. तिथं बहुतेक ठिकाणी आधी काही वर्षांची वकिली दाखवावी लागते.

कोटाविना वकील:
मी नोकरी न सोडता एलएल.बी. केलं आणि सनद घेतलीच नाही. पश्चात्ताप नाही. विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावरून विधी विभागात गेले, पगार थोडाच वाढला, पण आता वकिलाचा मसुदा माझ्याकडे तपासायला येतो!

प्रवेशाआधी कॉलेजात वेळापत्रक बघा. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांत ७० टक्के हजेरी आहे, वर किमान बारा आठवडे इंटर्नशिप. माझ्या तीन वर्षांच्या सगळ्या रजा त्यातच संपल्या, एका भाचीचं लग्नसुद्धा बुडलं. "हजेरीचं बघून घेऊ" असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. घरबसल्या पदवी देणाऱ्यांच्या तर वाटेलाच जाऊ नका, पत्राद्वारे केलेल्या एलएल.बी.वर सनद मिळत नाही.

नवाकोट:
मनात कुठं न्यायाधीश व्हायचं असेल तर सुप्रीम कोर्टाचा २० मे २०२५चा निकाल बघा, दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यासाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आली. सनदेच्या नोंदणी फीची फार धास्ती घेऊ नका. जुलै २०२४च्या निकालानंतर खुल्या गटाला ७५० रुपयांच्या वर ती घेता येत नाही. त्यानंतर एआयबीई, म्हणजे बार कौन्सिलची वकिलीसाठीची परीक्षा, पास व्हायची, त्यात टिपा नसलेले बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्यांचा नुसता मूळ मजकूर, आत नेता येतात.

वसुलीवाली:
नियम ४९ रात्री दोनदा वाचला. अकरा वर्षं वकिलांच्या शेजारी बसून मला हे ठाऊक नव्हतं, कमाल आहे.

आमचं घराचं कर्ज अजून चार वर्षं आहे. वसुलीवालीचाच हप्ता थकला तर ऑफिसात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पण पदवीला तीन वर्षं, मग एक वर्ष नोकरीतच काढलं तर कर्ज फिटतं आणि मुलगी तेव्हा अकरावीत असेल. तारीखपेतारीख, तुमचे पहिले पैसे नियमित यायला नेमके किती महिने लागले? आकडा द्या, मला तक्ता करायचाय.

प्रवेशाच्या सीईटीचा फॉर्म भरतेय. नवऱ्याला नियम ४९ अजून सांगितलेला नाही.