जस्त आणि आम्लाची अभिक्रिया अचानक मंदावली, मदत हवी आहे

परीक्षानळी: आम्लाची तीव्रता वाढवली की अभिक्रियेचा दर किती वाढतो, हा प्रयोग करतोय. मागच्या आठवड्यात ५० मिली हायड्रोजन जमायला जेमतेम ३ मिनिटं लागली होती. आज तेच सगळं घेतलं, तर २० मिनिटांत १० मिलीसुद्धा नाही. परवा वही द्यायची आहे. काय चुकतंय?

दोनशून्य: "तेच सगळं" म्हणजे काय? धातू कोणता, आम्ल कोणतं, किती मोलर, म्हणजे किती तीव्र? नायट्रिक असेल तर हायड्रोजनची आशाच सोडा.

परीक्षानळी: जस्ताचे दाणे, १ मोलर सल्फ्युरिक. लिहिलं नव्हतं का?

ज्वालामुखी: आम्ल कोमट करा. तापमान १० अंशांनी वाढलं की दर साधारण दुप्पट होतो. माझा तर दरवेळी हाच उपाय.

दोनशून्य: अहो, त्यांना तीव्रतेचा परिणाम मोजायचाय. मध्येच तापमान बदललं तर तुलना कशाची करणार? शिवाय वायू हायड्रोजन आहे, बर्नर लांबच ठेवा. परीक्षानळी, मागच्या आठवड्यात भुकटी आणि आज दाणे, असं तर झालं नाही ना? तसं असेल तर मंदावण्याचं कारण तेच.

परीक्षानळी: दाणेच. वजन तेवढंच, आकारही तोच. आम्लही त्याच बाटलीतलं.

जुनीप्रयोगशाळा: आम्ल त्याच बाटलीतलं. आणि जस्त?

परीक्षानळी: जस्ताची बाटली नवीन फोडली, जुनी संपली होती. पण ही जास्त चांगली आहे, लेबलवर ९९.९ टक्के लिहिलंय.

जुनीप्रयोगशाळा: मग सापडलं! शुद्ध जस्ताच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सहजी सुटत नाही. जुन्या दाण्यांत दुसऱ्या धातूंचे अंश असणार. अशा प्रत्येक ठिपक्याशी जस्ताचा एक इवलासा विद्युतघट तयार होतो. जस्त विरघळतं आणि वायू ठिपक्यावरून निघतो. अशुद्ध जस्त झपाट्याने का विरघळतं, हे स्विस भौतिकशास्त्रज्ञ ऑग्युस्त द ला रीव यांनी १८३० मध्येच असं उलगडलं होतं. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणाचे दोन-चार थेंब टाकून बघा.

ज्वालामुखी: म्हणजे मोरचूद उत्प्रेरक, स्वतः न संपता वेग वाढवणारा.

जुनीप्रयोगशाळा: पुस्तकं तसं म्हणतात, मला पटत नाही. मोरचूद जस्ताशी अभिक्रिया करून संपतो. काम करतं ते दाण्यावर साचलेलं तांबं.

ज्वालामुखी: तांबं शेवटी जसंच्या तसं उरतं ना? मग उत्प्रेरक तांबं म्हणा, वाद मिटला.

दोनशून्य: वाद नंतर घाला. परीक्षानळी, थेंब प्रत्येक वेळी मोजून तेवढेच टाका. फार झाले तर तांब्याचा थर जस्त झाकून टाकेल आणि दर पुन्हा उतरेल. आणि दोन बाटल्यांचे आकडे एका आलेखात घालू नका.

परीक्षानळी: चार थेंब टाकले. दाण्यांवर काळपट डाग पडले आणि बुडबुड्यांची रांग नेमकी त्या डागांवरूनच सुटायला लागली! ५० मिलीला ४ मिनिटं १० सेकंद. जुने आकडे खोडले, चारही तीव्रता नव्या बाटलीतल्या दाण्यांवर परत घेतोय. खूप आभार.

दोनशून्य: प्रत्येक वेळी नवे दाणे घ्या. आताचे धुऊन परत वापरू नका, त्यांच्यावर तांबं बसलंय.

परीक्षानळी: अरे बापरे, तेच करणार होतो.